धुरकट स्पेसर

४ जानेवारी

ताई,

बॅगेवर बसून लिहितो आहे. उठलो की ती उघडते. शिट्टीची आई चेन ओढते आहे आणि शिट्टी बाजूला उभी राहून सूचना देते आहे, "बाबा, अजून थोडे जड व्हा." आठ वर्षांची झाली, पण बापाला वजन वाढवायला सांगताना अजून लाज वाटत नाही.

ती उद्या आईबरोबर निघेल. पत्र तिच्याच खिशात देतो आहे. पोस्टातल्या बाईला पत्र हाती पाठवतो म्हणून रागावू नकोस. फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही बोलतो आणि ऐकत कुणीच नाही.

आमची गल्ली पाइपांसाठी खणून ठेवली आहे. दुकानातल्या चष्म्यांच्या फ्रेमांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. शिट्टीच्या छातीतली शिट्टी थांबत नाही. डॉक्टरांनी परवा पंपाचा डोस पुन्हा वाढवला. "एवढ्यावर लागू पडायला हवं होतं," म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू औषध मीच ओढतो. तुझ्याकडची हवा चांगली आहे. उन्हाळ्यापर्यंत ठेवून घे, तिथल्याच शाळेत बसव.

तपकिरी पंप रोजचा. सकाळी दोन फवारे, रात्री दोन. स्पेसर लावूनच. स्पेसर म्हणजे ती पारदर्शक प्लास्टिकची नळी. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला शिट्टी. औषध आधी नळीत सोडायचं, मग तिने ते सावकाश ओढायचं. नंतर खळखळून चूळ. निळा पंप फक्त धाप लागली तर. स्पेसर आत्ताच दुकानात नेऊन भिंगासारखा लख्ख करून आणला आहे.

बाकी तुला काय सांगायचं.

तुझा
बाळ्या

वन्सं, खाली माझ्याही दोन ओळी. ती चिमणीएवढं खाते. जबरदस्ती करू नका, खिशात कोंबून ठेवते. चार दिवसांनी खिसा धुताना कळतं.


२५ जानेवारी

बाळ्या,

मुलगी पोचली, आईही परत पोचली असेल. पत्राला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं घडेपर्यंत मी लिहीत नाही. आता घडलं आहे.

शिट्टी वाजायची थांबली.

पहिला आठवडा मी रात्री तिच्या पाठीला कान लावत होते. नंतर तीच म्हणाली, "आत्या, तुझा कान गार आहे. काही ऐकू आलं तर मीच सांगेन." आता पोस्टाच्या पायऱ्या धावत चढते आणि वर पोचून दम न लागता माझ्याशी वाद घालते. निळा पंप मी कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता, त्याच्यावर धूळ बसली आहे. तुमच्याकडे माणसावर बसते, आमच्याकडे पंपावर.

तू म्हणशील, औषध नीट देते का. देते. सकाळ-रात्र, मोजून. रविवारी स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवते आणि निथळायला खिडकीत उभा करते. खोक्यातल्या कागदावर तसंच लिहिलं आहे. सरकारी नोकरीत एक सवय लागते, छापलेलं वाचायची.

पोस्टात ती मला तिकिटांवर ठसे मारू लागते. एक ठसा चुकून पोस्टमनच्या मनगटावर बसला. त्याने दिवसभर पुसला नाही. म्हणाला, "आता मला कुठेही पाठवता येईल."

श्रेय कुणाचं ते तू ठरव. मी फक्त एवढंच म्हणते, की हवा माझ्या गावची आणि सूप माझ्या हातचं आहे.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

हवा तुझी, सूप तुझं, पायऱ्याही तुझ्या. मान्य.

डॉक्टरांना सांगितलं. खूश झाले. म्हणाले, वाढवलेला डोस लागू पडला, सध्या तोच चालू ठेवा आणि मुलीला एकदा दाखवायला आणा. दाखवायला काय आणायचं, ती बरी आहे. बऱ्या मुलीला दिवसभराचा प्रवास करून धुळीत आणायचं आणि आजारी करून परत न्यायचं? उन्हाळ्यात दाखवू.

गल्लीत पाइप टाकून झाले. आता ते चुकीचे होते असं कळलं आहे, म्हणून पुन्हा खणताहेत.

बाळ्या

वन्सं, फ्रॉक पाठवते आहे. वाढत्या अंगाचा बेतला आहे, खाली चार बोटं जास्त. कमरेला मात्र नेहमीच्याच मापाचा. ती उभी वाढते, आडवी नाही.


८ मार्च

बाळ्या,

तुझ्या बायकोला सांग, फ्रॉक सुंदर आहे, पण माप उलटं झालं. कमरेला बटण लागत नाही आणि खाली झाडू मारतो. मी कमरेला पट्टी जोडली आणि खालून दुमडला.

रागावू नका, पण ती चिमणी आता माझ्याकडे नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी डबा रिकामा करून शेजारणीच्या डब्यात डोकावते, संध्याकाळी पाव. मी पाव लपवून ठेवते तर शोधून काढते. खिसे तपासले, कोरडे आहेत. सगळं आत जातं आहे. सोबत फोटो पाठवते. गाल बघ. वर्गात तिला 'चंद्र' म्हणतात. ती म्हणते, ते चंद्र म्हणतात तर मी त्यांना खड्डे म्हणते.

छाती साफ. गाल भरले. माझं काम झालं.

ताई


१९ मार्च

ताई,

फोटो दुकानात काचेखाली ठेवला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "ही तुमची बहीण का?" आपल्या घराण्याचे गाल. माझे कुठे गेले देव जाणे, पण एका पिढीवरून उडी मारून ते पोचले.

बायकोने फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "उंची वाढलेली नाही." मी म्हटलं, फोटोत उंची कशी दिसेल. तर म्हणाली, "फ्रॉक खाली लोळतो म्हणतात ना त्या. मी चार बोटं वाढीची धरली होती. ती चार बोटं कुठे आहेत?" बेकरीत पहाटे उठून पिठाचे गोळे मोजते, तिला सगळं मोजायची सवय झाली आहे. मुलं आधी भरतात, मग वाढतात, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही.

पुढच्या शनिवारी मी एकटाच येतो. दोन दिवस राहीन. तिला सुट्टी नाही.

बाळ्या


१० एप्रिल

बाळ्या,

तू येऊन गेलास ते बरं झालं. दोन दिवसांत तू माझी नळाची गळती काढलीस, चष्म्याची काडी घट्ट केलीस आणि स्पेसरवरून मला जे बोललास ते मी अजून विसरले नाही. "ताई, याच्यातून पलीकडचं दिसत नाही." अरे, त्यातून बघायचं कुठे आहे? पण तू दिलेलं कातड्याचं फडकं मी वापरते आहे. सकाळी एकदा, रात्री एकदा, तू दाखवलंस तसं गोल गोल, आतून बोट घालून. पोस्टातली बाई आहे, दिलेल्या सूचना पाळते. आता तो असा चमकतो की शिट्टी त्यात बघून भांग पाडते.

एक मात्र तुला सांगायला हवं. तू गेल्यापासून पोरगी मलूल आहे. सकाळी उठत नाही. उठवून बसवलं तर बसल्या जागी कलंडते. पाव लपवायची गरज उरली नाही. शाळेतून निरोप आला, बाकावर डोकं ठेवून झोपते. रात्री थोडी शिट्टीही ऐकू आली, अगदी बारीक. मी विचारलं, बाबांची आठवण येते का. म्हणाली, "येते, पण त्याने पाय दुखतात का?"

तुझी आठवण काढून झुरते आहे, दुसरं काय. एखादं पत्र तिच्या नावाने लिही. त्यात विनोद घाल.

ताई


२३ एप्रिल

बाळ्या,

तू धावत आलास तेव्हा ती उशीला टेकून सूप पीत होती आणि तुला विचारत होती की दुकान कुणावर सोडलं. म्हणून तुला वाटलं, मी फोनवर उगाच रडले. आता नीट लिहिते. आधी काय झालं ते, आणि मग बायकोला इथे ठेवून तू दुकान उघडायला परत गेलास त्यानंतरचं.

मी फोन केला त्याच्या आदल्या दिवशी तिला ताप आला. साधा ताप, शाळेत निम्म्या वर्गाला होता. रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी हाक मारली तर डोळे उघडले, पण मी कोण आहे ते डोळ्यांत नव्हतं. अंग घामाने गार. पोस्टमनने तिला उचललं आणि आम्ही टपालाच्या गाडीतून हॉस्पिटलात गेलो. तिथे कळलं, रक्तातली साखर तळाला गेली होती. सलाइन लावलं, मुलांची डॉक्टरीण आली. लहानशी बाई आहे, बुटाचे बंद कायम सुटलेले. तिने दोनच गोष्टी विचारल्या: कुठला पंप, किती. मग म्हणाली, "हिचं रक्त कॉर्टिसॉलसाठी पाठवा," आणि निकालाची वाट न बघता इंजेक्शन दिलं. दुपारी शिट्टीने पाव मागितला.

कॉर्टिसॉल म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या ते बनवतात. आजारपणात तगून राहायला ते लागतं. आणि रोजच्या तपकिरी पंपातलं स्टिरॉइड त्याचंच भावंड. बाहेरून जास्त यायला लागलं की ग्रंथींना वाटतं, आपलं काम कुणीतरी करतंय. त्या झोपतात. सकाळच्या रक्तात ते भरपूर असायला हवं. शिट्टीच्या रक्तात ते शोधावं लागलं.

इथवर तू ऐकलंस. डॉक्टरीणबाईंना मात्र एक गोष्ट जुळत नव्हती. गाल सांगत होते, औषध जास्त झालं. ग्लानी सांगत होती, औषध अचानक तुटलं. डोस तर तोच.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रोज पंप कसा देता ते करून दाखवा."

"तुम्हाला?"

"तिला. मला दमा नाही."

मी पिशवीतून स्पेसर काढला, फडकं काढलं आणि पुसायला लागले.

"हे काय?"

"पुसते."

"रोज?"

"भाऊ येऊन गेल्यापासून रोज, दोनदा. त्याआधी नुसता धुवून वाळवत होते. गबाळेपणाच."

"आणि भावाच्या घरी?"

"तिथे तर कायमच. तो चष्मे बनवतो. त्याला डाग सहन होत नाही."

बाई स्टुलावर बसल्या. एका चिठ्ठीचा कोपरा फाडून त्याचे बारीक कपटे केले आणि स्पेसर त्यांच्यावर धरला. कपटे टुणकन उडून नळीला चिकटले. शिट्टी म्हणाली, "परत करा."

औषधाचंही तेच होतं, बाळ्या. प्लास्टिक घासलं की त्यात वीज भरते, आणि फवारा छातीत जायच्या आधी नळीलाच चिकटतो. म्हणजे बघ. तुझ्याकडे तिला निम्मंही औषध मिळत नव्हतं. म्हणून ती बरी होत नव्हती, म्हणून डॉक्टर डोस वाढवत होते. माझ्याकडे स्पेसर साबणाचा पातळ थर राहून धुरकट होता, त्यात वीज भरत नव्हती, म्हणून तो सगळा वाढीव डोस छातीत पोचला. छाती साफ झाली आणि ग्रंथी झोपल्या. मग तू आलास, फडकं दिलंस आणि मी आज्ञाधारकपणे बाहेरचं औषध तोडलं. आतलं सुरू झालंच नव्हतं. त्यात ताप.

त्या गालांचं श्रेय मी कुणाकुणाला दिलं. हवेला, सुपाला, घराण्याला. तुझी बायको कोपऱ्यात उभी होती. एवढंच म्हणाली, "मी उंचीचं म्हटलं होतं."

मी म्हटलं, हा पंप आत्ता कचऱ्यात टाकते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो टाकलात तर मी तुम्हालाही दाखल करून घेईन. पंप चालूच राहणार. फक्त आता खरा डोस किती लागतो ते बघू."

फडकं तुला परत पाठवते आहे. त्याने चष्मे पूस.

ताई


५ मे

वन्सं,

मी सुखरूप पोचले. हे काही पत्र लिहिणार नाहीत, कारण तुम्ही हसाल असं त्यांना वाटतं. दुकानात बसून कागदाचे कपटे उडवतात. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे प्लास्टिकची नळी घासताहेत. काल एका आजोबांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की चष्मेवाल्याला काहीतरी झालंय. आजी विचारपूस करायला आल्या. त्यांनाही कपटे दाखवले. आजी म्हणाल्या, "माझ्या नातवाचा स्पेसर मीसुद्धा पुसते," आणि तशाच घरी पळाल्या.

मी हसते, पण आतून मला झोप नाही. बेकरीत सगळ्या जणी म्हणतात, स्टिरॉइड एकदम बंद करा, एवढ्याशा पोरीला विष कशाला. मला तुमच्या डॉक्टरीणबाईंचं पटलं होतं. घरी आल्यावर पुन्हा पटेनासं झालं. तिथे त्या समोर होत्या, इथे नुसते पिठाचे गोळे समोर.

मला एवढंच विचारून कळवा. त्या ग्रंथी उठणार का. आणि ती वाढणार का. गोड करून सांगू नका.

तुमची भावजय


१४ मे

बेकरीवाल्या बाईंना,

गोड करत नाही. तुझं पत्र डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी बूट बांधता बांधता उत्तरं दिली, मी पोस्टाच्या पाकिटामागे लिहून घेतली.

पंप बंद केला तर दमा उसळेल, आणि दम्याने मुलं दगावतात, पंपाने क्वचितच. बहुतेक मुलं थोड्या डोसवर असतात आणि त्यांच्या ग्रंथींना पत्ताही लागत नाही. शिट्टीचा डोस थोडा नव्हता. नीट धुतलेल्या, न पुसलेल्या स्पेसरमधून तिला पूर्वीच्या चौथाईत भागेल असं वाटतं. बघत बघत कमी करायचं. ग्रंथी झोपल्या आहेत तोवर त्यांच्या बदली रोज सकाळी आणि रात्री एक छोटी गोळी. ताप आला तर गोळी दुप्पट, उलटी झाली तर थेट हॉस्पिटल. शाळेच्या दप्तरात तसं कार्ड.

"उठणार का?" मी विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मुलांच्या उठतात. महिने लागतात. काहींना वर्ष. तारीख मागू नका, मी पोस्ट नाही."

उंचीचं म्हणाल्या, डोस उतरला की ती वाढायला लागेल. राहिलेलं बरंचसं भरून काढेल. कदाचित नखाएवढं राहील. ते नख मी सोसायला तयार आहे. तू?

शिट्टी इथेच राहून त्यांच्याकडून तपासली जावी असं त्या म्हणतात, म्हणजे माझ्याकडे. तुला हे जड जाईल. पण तुमची गल्ली अजून खणलेलीच आहे ना?

तिने ग्रंथींची नावं ठेवली आहेत. डावी आळशी, उजवी महाआळशी.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

गल्ली बुजवली. काल तिच्यावरून पहिली सायकल गेली, आम्ही सगळे बघायला उभे होतो.

आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मी तुम्हाला कधी विचारलं नाही, स्पेसर कसा ठेवता." मी म्हटलं, मीही कधी सांगितलं नाही. काच पुसतो हे कुणी सांगतं का. आता ते प्रत्येकाला विचारतात. डोसही आधी तपासून मगच वाढवतात.

जूनच्या तपासणीत आळशी आणि महाआळशी उठल्या नाहीत हे कळल्यावर तिच्या आईचे पिठाचे गोळे दोन दिवस मोजताना चुकले. आता सप्टेंबरची तपासणी. या वेळी उठल्या तर आम्ही येऊन तिला घेऊन जातो. नाही उठल्या तर ती तुझ्याकडे, आणि तिची आई बेकरी सोडून तुझ्याकडे यायचं म्हणते. मी अडवणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात दोघी कशा राहाल तो विचार तुम्ही करा.

बाळ्या


१२ सप्टेंबर

बाळ्या, आणि तुझी बायकोही,

काल सकाळी आठ वाजता रक्त दिलं. त्यासाठी आदल्या रात्रीची आणि सकाळची गोळी बंद ठेवली होती. मी रात्रभर उठून तिचं कपाळ बघत होते. एकदा तिने डोळे न उघडता सांगितलं, "आत्या, कानासारखाच हातही गार आहे तुझा."

सुई टोचताना तिने तोंड फिरवलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "महाआळशी एकटीच उठली तर चालेल?" त्या म्हणाल्या, "चालेल. पण त्या जोडीनेच उठतात." नंतर भिंतीला उभं करून उंची घेतली. मेपासून दोन बोटं वाढ आहे. गाल उतरले आहेत, घराण्याचे नव्हतेच. डोस आता चौथाईवर आहे आणि छाती शांत.

निकाल उद्या सकाळी कळेल. मी फोन करणार नव्हते, पण करेन. तरी हे पाकीट उघडं ठेवते, आणि जे असेल ते खाली लिहून मगच टपालात टाकते. आज पोस्टात एक पार्सल चुकीच्या गावाला पाठवलं. एवढ्या वर्षांत पहिलंच.

ताई

१३ सप्टेंबर, सकाळ

नऊ वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आकडा पुरेसा आहे. गोळी आजपासून बंद. मोठ्या आजारपणासाठी मात्र घरात ठेवायची. पंप आहे तेवढाच चालू. शिट्टीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि बूट शोधायला लागली. शाळेला उशीर झाला होता.